मावशीचं दुखणं

परवा नातीच्या तपासणीच्या कागदावर ‘पीसीओएस’ वाचलं आणि धरणगावची मोठी मावशी आठवली. तिची पाळी चार-चार महिने लांबायची, हनुवटीवर केस होते, मूल झालं नाही. लोक वांझ म्हणत. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. तिला हाच आजार होता का, हे आता कोण सांगणार? पण लक्षणं हीच होती.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ सालीच अशा ७ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली होती. इन्सुलिनशी असलेला संबंध १९८० मध्ये पुढे आला. बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग ते रक्तात वाढतं. त्यामुळे बीजांडकोशात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात आणि बीज वेळेवर सुटत नाही. मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण पाचांत एकीला हा त्रास आढळला.

नातीला म्हटलं, “बेटा, यात तुझा दोष नाही. औषध आहे, चालणं-फिरणं वाढव.”

माझ्या डोहाळजेवणाला मावशीला बोलावलं नव्हतं. मीही आईला कारण विचारलं नाही. ते आजही सलतं.