बाह्यरुग्ण शस्त्रक्रिया केंद्रांची नोंदणी व नियमन : चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे

रुग्णावर शस्त्रक्रिया करून त्यास रात्रीच्या मुक्कामावाचून त्याच दिवशी घरी धाडणाऱ्या केंद्रांना नोंदणीचा दाखला देणे, त्यांची वेळोवेळी तपासणी करणे आणि कसूर आढळल्यास तो दाखला रद्द करणे, या शासकीय व्यवस्थेचा येथे विचार केला आहे. मोतीबिंदू, अंतर्गळ, अंडवृद्धी, स्त्रीनसबंदी व गर्भपात यांवरील किंवा यांसाठीच्या शस्त्रक्रिया पुष्कळदा या रीतीने होतात. वैद्यकव्यवहारात अशा जागेस ‘डे-केअर सेंटर’ म्हणतात.

पूर्वपीठिका : ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये ८,९८८ बालकांवरील अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तथापि त्यांच्या पद्धतीत मूल घरी गेल्यावर परिचारिका त्याच्या घरी जाऊन जखम पाहत असे, हा त्या पद्धतीचा आधारस्तंभ होता. रुग्णालयापासून स्वतंत्र असे केंद्र अमेरिकेतील फिनिक्स येथे १९७० मध्ये निघाले.

कायदा : महाराष्ट्रातील नियमनाचे मूळ १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात आहे, तोच आज महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. तो झाला तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आजारी, जखमी वा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन जेथे उपचार व शुश्रूषा केली जाते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी अधिनियमाची व्याख्या असून प्रसूतिगृहाचा तीत समावेश आहे. नोंदणीवाचून असे गृह चालविणे गुन्हा ठरतो. अर्जदाराची योग्यता, जागेची व साधनसामग्रीची अवस्था आणि अर्हताप्राप्त वैद्य व परिचारिका यांची उपलब्धता पाहून दाखला मिळतो, तो दर्शनी भिंतीवर लावावा लागतो आणि मुदत सरली की त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. दाखला नाकारण्यापूर्वी वा रद्द करण्यापूर्वी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद आहे. चंद्रपूर शहरात हे काम महानगरपालिकेकडे, तर उर्वरित क्षेत्रात व्यवहारतः जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे असते. २०२१ मध्ये नियमांत झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद, दरपत्रकाचे प्रदर्शन व तक्रारनिवारणाची सोय बंधनकारक झाली. केंद्र शासनाचा २०१० चा चिकित्सालय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

त्याच दिवशी रुग्ण सोडणाऱ्या केंद्राचा वेगळा वर्ग मूळ अधिनियमाने केलेला नाही. आरोग्यविम्याच्या नियमांनी मात्र अशा केंद्राची व्याख्या बांधली आहे : स्वतःचे शस्त्रक्रियागृह, अर्हताप्राप्त परिचारिका, वैद्याची देखरेख आणि दररोजची रुग्णनोंद. याखेरीज खासगी जागी गर्भपात करावयाचा असल्यास १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमान्वये त्या जागेस मान्यता घ्यावी लागते, आणि रक्ताने भरलेला बोळा, सुई व कापून काढलेला अवयव यांची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लावावी लागते.

शिबिरे व न्यायालय : गडचिरोली जिल्ह्यास लागून असलेल्या छत्तीसगड राज्यात, बिलासपूरनजीक, नोव्हेंबर २०१४ मध्ये एका नसबंदी शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या व त्यानंतर १३ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. बिहारमधील अररिया जिल्ह्यातील शिबिरावरून देविका बिस्वास यांनी दाखल केलेल्या याचिकेचा निकाल १४ सप्टेंबर २०१६ रोजी देताना सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले. शस्त्रक्रिया शाळेच्या खोलीत न होता सुसज्ज व कायमच्या शस्त्रक्रियागृहातच झाली पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

वनप्रदेशातील प्रश्न : सपाटीवरील शहरात ‘त्याच दिवशी घरी’ याचा अर्थ तासाभराचा प्रवास असा होतो, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात तो तसा होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो, पलीकडच्या पाड्यावरील मनुष्यास खाटेवर घालून खांद्यावरून न्यावे लागते, आणि सकाळी टाके घातलेल्या रुग्णास रात्री रक्तस्राव सुरू झाला तर ज्या भिंतीवर दाखला लटकतो ती भिंत त्याच्यापासून नदीपलीकडे राहते. १९७३ पासून भामरागडनजीक हेमलकसा येथे चालत आलेला लोकबिरादरी प्रकल्प आणि अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापिलेली ‘सर्च’ ही संस्था यांनी हा प्रश्न अनुभवाने ओळखला. ‘सर्च’चे शोधग्राम येथील रुग्णालय एकाच मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांत बांधलेले असून, तेथे रुग्णाजवळ त्याचे नातलगही राहतात. जेथे घर दूर आहे तेथे घरच शस्त्रक्रियागृहाशेजारी आणावे, असा हा साधा व खोल विचार आहे.

मूल्यमापन : खाटा, परिचारिका व साधने मोजणारी तपासणी आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून रुग्ण चालकाच्या मर्जीवर सोपविला जातो, परंतु या मुलखात ती अपुरी पडते. गर्भपाताच्या २००३ च्या नियमांनी मान्यताप्राप्त जागेत रुग्णास पुढे हलविण्याच्या वाहतुकीची सोयही मागितली आहे, म्हणजे रस्त्याचा विचार आपल्या कायद्यास सर्वस्वी परका नाही. तोच विचार प्रत्येक बाह्यरुग्ण शस्त्रक्रिया केंद्राच्या नोंदणीत आला पाहिजे. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत रुग्णाचे गाव लिहिले जातेच. त्यापुढे ते गाव किती कोस, वाटेत नदी कोणती, आज रात्री तो कोठे निजणार, वाहन कोणते आणि उद्या त्याची जखम पाहावयास कोण जाणार, इतके रकाने तपासणी अधिकाऱ्याने भरलेले पाहिले, तर निकोल यांची परिचारिका पर्लकोटेच्या पलीकडील पाड्यावरही पोहोचली असे म्हणता येईल.