वऱ्हाडातले तुणतुणे

तुणतुणे हे एका तारेचे वाद्य. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला ताणून बसवलेले कातडे, बाहेरून ठोकलेली काठी आणि तिच्या शेंड्याला खुंटी. तार कातड्याच्या मधोमध निघते, पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. ती छेडल्यावर निघणाऱ्या आवाजावरूनच नाव पडले. सूर बदलायला पडदे नाहीत; खुंटी पिळून गाणाऱ्याच्या पट्टीशी तार जुळवायची आणि मग रात्रभर तोच सूर. मात्र त्याच छेडीवर लयही तोलली जाते. ‘आपलेच तुणतुणे वाजवणे’ हा वाक्प्रचार रूढ करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू ऐकलेली दिसत नाही.

वऱ्हाडात या वाद्याला मोठा आश्रय मिळाला तो देवीच्या गोंधळाचा. अमरावती-अकोल्याकडच्या अनेक घराण्यांचे कुलदैवत माहूरची रेणुका. निजामाने 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगेपलीकडचे माहूर निजामाकडेच राहिले. कुलाचाराला ही सरहद्द लागू नव्हती. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराला तंतू ओवले आणि ते वाजवत माहूरला आई रेणुकेला वंदन केले, अशी गोंधळाची उत्पत्तिकथा सांगतात. लग्नानंतरच्या गोंधळात चौक मांडला जातो, दिवटी पेटते, नायक आख्यान लावतो. संबळ घुमत असते; तुणतुणेवाला सूर धरतो आणि बहुधा झीलही ओढतो.

काखेत मावणारे हे वाद्य देवीच्या चौकातून शाहिरांच्या फडात सहज गेले. शक्ती श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले आणि शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले यांचे सवालजवाब डफ-तुणतुण्यावरच रंगत. तमाशात त्याला ढोलकीची जोड मिळाली. पोर्तुगालचे कवाकिन्यो हेही असेच छोटे, सहज नेता येणारे वाद्य, पण चार तारांचे. त्याचे मदेइरा बेटावरचे भावंड 1879 मध्ये मजुरांबरोबर हवाईत पोहोचले आणि तिथे युकुलेले झाले. तुणतुणे मात्र नाव न बदलता एका फडातून दुसऱ्या फडात फिरत राहिले.

पुढे बाजाची पेटी आली. ती सूरही धरते आणि चालही वाजवते, त्यामुळे बैठकीच्या गाण्यात तुणतुण्याची गरज उरली नाही. गोंधळात ते टिकले, कारण गोंधळी उभ्याने गातो, नाचतो, चौकाभोवती फिरतो, आणि पेटीला बैठक लागते.