इंजिन-इशारा दिवा (डिझेल ट्रक)

इंजिन, त्याचे सेन्सर किंवा धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांत बिघाड आढळल्यास मीटरच्या पटलावर लागणारा पिवळा दिवा. ट्रकवाल्यांच्या बोलीत ‘चेक लाइट’. ऑइलचा दाब घटणे, पाणी तापणे यांचे लाल दिवे वेगळे. लाल दिवा लागला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची असते, पिवळ्यावर सहसा गॅरेज गाठता येते. इंजिनात काही बदल केल्यावर हा दिवा लागला, तर मूळ बहुधा त्या बदलातच असते. म्हणून जिथे शेवटचा हात लागला, तिथून तपासाला सुरुवात करतात.

पूर्वपीठिका : जुन्या ट्रकांचा डिझेल पंप निव्वळ यांत्रिक असे. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले की पिकअप वाढे आणि काळा धूर निघे. दिवा लागत नसे, कारण मोजणारे कोणी नव्हते. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनात हे काम ईसीएम या संगणकाकडे गेले. बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. बीएस-६ ट्रकमध्ये काजळी अडवणारी गाळणी (डीपीएफ) आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी यंत्रणा (एससीआर) आली. आता एका जागी केलेला फेरफार दुसऱ्या जागचा सेन्सर पकडतो.

बदल आणि त्यांचे परिणाम : ईसीएमचे रिमॅपिंग करून, म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलून, डिझेल वाढवल्यास काजळी वाढते आणि डीपीएफ लवकर तुंबतो. ईजीआरची, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी, वाट बंद केल्यास वायूचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. टर्बो किंवा इंटरकूलर बदलताना होजची क्लिप सैल राहिल्यास हवेचा दाब पडतो, गाडी दम खाते आणि काळा धूर सोडते. इंजिनाला हात न लावताही दिवा लागू शकतो. ट्रकची वीज २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. टेप किंवा जादा दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार ओढली की ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि सेन्सरची मापे बिघडतात.

तपासाचा क्रम : आधी स्कॅनर लावून कोड लिहून घेतात. बॅटरीची तार काढून दिवा विझवण्याच्या नादात पुरावाही पुसला जाऊ शकतो. जड वाहनांच्या कोडमध्ये एसपीएन हा आकडा भाग सांगतो, एफएमआय बिघाडाचा प्रकार. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, १०२ म्हणजे टर्बोनंतरच्या हवेचा दाब, ३२५१ म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक. एफएमआय ३, ४ किंवा ५ असल्यास संशय आधी तार, कनेक्टर आणि अर्थिंगवर घेतात; ० किंवा १ असल्यास दाब वा तापमान खरोखरच मर्यादेबाहेर गेल्याची शक्यता मोठी. मग मिस्त्री साधा गेज लावून सेन्सरचे माप पडताळतो. सेन्सर बदलणे ही शेवटची पायरी. रिमॅप केलेल्या गाडीत कंपनीचा मूळ प्रोग्राम परत घालून पाहिला की बदल दोषी की भाग, याचा निवाडा होतो.

युरिया : एससीआरला लागणाऱ्या द्रावणात शुद्ध युरिया ३२.५ टक्के असावा लागतो. खर्च वाचवायला खताचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतल्यास दिवा हमखास लागतो. २०१५ पासून देशातील खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. हे तेल आणि पाण्यातले क्षार यंत्रणेत बसतात आणि नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. शिवाय खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार खताचा असा वापर बेकायदा आहे.

तेरखेड्याचा संदर्भ : तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) हे सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ वरील गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी व तेरखेडी तोटा या फटाक्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे फटाके किंवा फटाक्यांची दारू भरणाऱ्या ट्रकसाठी डीपीएफचा दिवा दुर्लक्षून चालत नाही. साचलेली काजळी जाळताना धुराचे तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. अनेक ट्रकांत हे ज्वलन रोखण्याचे बटण असते. माल भरण्याच्या जागी ते दाबून ठेवावे आणि काजळी जाळण्याचे काम गाडी रिकामी असताना, मोकळ्या जागी उरकावे. सायलेन्सरमध्ये फेरफार करून तापमानाचा सेन्सर फसवला असेल, तर या बटणावरही भरवसा ठेवता येत नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुना ट्रक घेताना : चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब गेला आहे, काढला आहे किंवा प्रोग्राममधून मुका केला आहे, असे समजून स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार करू नये.