पंखांवरची चिन्हे आणि त्यांचा वाचक

'मिमिक्री' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रंगमंचावरचा नकलाकार येतो: दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारा आणि आपण नक्कल करीत आहोत हे पुरते जाणणारा. जीवशास्त्राने हा शब्द घेतला आणि त्यातून हा जाणता नकलाकार वजा केला. ही वजाबाकी कशी झाली याचा इतिहास चिन्ह आणि अर्थ यांचा विचार करणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकालाही जवळचा वाटावा असा आहे.

लेस्टरच्या एका होजिअरी व्यावसायिकाचा मुलगा हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ साली आल्फ्रेड रसेल वॉलेससोबत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात गेला. वॉलेस १८५२ मध्ये परतला. बेट्स अकरा वर्षे राहिला. कीटक जमवायचे आणि इंग्लंडला विक्रीसाठी पाठवायचे, हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन. तेथील रानात भडक रंगांची, संथ उडणारी काही फुलपाखरे विपुल होती. पण पक्षी त्यांच्या मागे लागलेले त्याला कधी दिसले नाहीत. त्यांच्याच थव्यांत, अगदी त्यांच्यासारखी दिसणारी, परंतु निराळ्या कुळातली थोडी फुलपाखरे मिसळलेली असत. ती हातात घेऊन न्याहाळल्याखेरीज आपल्याला ओळखता येत नसत, हे बेट्सने प्रांजळपणे नोंदवले आहे. म्हणजे फसलेला पहिला साक्षीदार हा संशोधक स्वतःच होता!

नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्याने आपला निबंध वाचला. मूळ जात बेचव असल्याने पक्षी तिला टाळतात. जी खाद्य जात योगायोगाने किंचित तिच्यासारखी दिसते तिची पिले जास्त वाचतात. पिढ्यानपिढ्या हे साम्य घोटीव होत जाते. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना मूळ जातीचे रूप पालटले, तर तिच्या प्रतिरूपाचेही पालटते, हा त्याचा सर्वांत बळकट पुरावा. नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताला त्या काळी अशा प्रत्यक्ष उदाहरणाची निकड होती. डार्विनने १८६३ मध्ये या निबंधाचे स्वागत करणारे परीक्षण लिहिले, तेही निनावी.

पुढची गाठ सुरवंटांनी घातली. प्राण्यांचे झगमगते रंग जोडीदाराला भुलवण्यासाठी असतात, असे डार्विनचे मत बनत होते. मग काही सुरवंट इतके भडक का? सुरवंटाला जोडीदार कुठला? फेब्रुवारी १८६७ मध्ये त्याने हा प्रश्न वॉलेसला विचारला. वॉलेसचे उत्तर असे: सुरवंटाची कातडी नाजूक असते, पक्ष्याने एकदा चोच मारून मग थुंकून टाकले तरी तो मरतोच. तेव्हा नुसते कडू असून भागत नाही, कडू असल्याचे लांबूनच कळावे लागते. जॉन जेनर वियरने आपल्या पाळीव पक्ष्यांपुढे निरनिराळे सुरवंट ठेवून पाहिले आणि १८६९ मध्ये निष्कर्ष मांडले: गुळगुळीत, मंद रंगाचे सुरवंट पक्ष्यांनी खाल्ले, भडक आणि केसाळ नाकारले. या इशाऱ्याच्या रंगांना एडवर्ड पोल्टनने १८९० मध्ये 'अपोसेमॅटिक' हे नाव दिले. त्यातला 'सेमा' म्हणजे ग्रीक भाषेतले चिन्ह. 'सेमँटिक्स'चे मूळही तेच.

हे चिन्ह फुलपाखरू 'लिहीत' नाही. त्याला ते ठाऊकही नसते. लिहिले जाते ते वाचकाच्या, म्हणजे पक्ष्याच्या, निवडीतून. आपल्याकडे वाचकाला अर्थाचा सहनिर्माता मानण्याची चर्चा बरीच झाली. येथे तर वाचक नापसंत प्रती गिळूनच टाकतो. फ्रिट्झ म्युलरने १८७९ मध्ये दाखवले की दोन बेचव जातीही एकमेकींसारख्या होतात, कारण पक्ष्याला धडा शिकवण्यासाठी द्यावे लागणारे बळी मग दोघींत वाटले जातात. यात फसवणूक मुळीच नाही. 'नक्कल' हा शब्द येथे अपुरा पडतो. 'बहुरूपी' मोहक असला तरी त्यालाही आपले सोंग ठाऊक असते. 'अनुकृती' त्यातल्या त्यात बरा, पण कर्ता त्यातही डोकावतोच.

या कर्त्याला निरोप देणारे उदाहरण आपल्या परसात, लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडांवर वाढते. 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचा. मादी मात्र कधी नरासारखी, कधी विषारी 'कॉमन रोझ'सारखी, तर कधी 'क्रिमसन रोझ'सारखी. या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे वॉलेसने १८६५ च्या निबंधात मांडले होते. हे रूप ठरते कसे, याचे उत्तर २०१४ साली 'नेचर'मध्ये आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते कृष्णमेघ कुंटे, मराठी वाचकांना 'एका रानवेड्याची शोधयात्रा'मुळे परिचित असलेले. मादीचे सोंग 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या भिन्न रूपांवर ठरते. आणि हे जनुक कीटकांत नर-मादीची शरीरवैशिष्ट्ये घडवणारे म्हणून आधीपासूनच ठाऊक होते. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन निराळ्या रूपांच्या बहिणी निघू शकतात. भाऊ मात्र सोंगाचे जनुक वाहत असला तरी ते कधीच धारण करीत नाही.