केसांची केस

गेल्या महिन्यात आमची नात होस्टेलवरून घरी आली ती डोकं निळं करून. निळं म्हणजे लाजतबुजत एखादी बट निळी, असं नव्हे. शाईची दौत डोक्यावर उपडी व्हावी तसं निळं. दार मीच उघडलं. क्षणभर वाटलं, हिच्या कॉलेजात रंगपंचमी उशिरा येत असावी.

"आजोबा, कसे दिसतात?" तिनं विचारलं.

माझ्या स्वतःच्या डोक्यावर आता कानांच्या आधारानं तग धरून राहिलेली एक झालर तेवढी शिल्लक आहे. अशा माणसानं दुसऱ्याच्या केसांवर मत देणं म्हणजे दिवाळं निघालेल्यानं शेजाऱ्याला व्यापार शिकवणं. पण आपल्याकडे सल्ला द्यायला भांडवल लागत नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या झाडून सगळ्यांनी आपापलं मत नोंदवलं. तळमजल्यावरच्या काकूंनी "काही आजारबिजार झाला होता का हो?" अशी हळुवार चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब लिफ्टमध्ये तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. घरात कुणी गेल्यावर भेटायला आलेली माणसं बघतात, तसे. शेवटी आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हीच बोला. तुमचं ऐकते ती."

मी खाकरलो, चष्मा सारखा केला आणि "आमच्या वेळी..." एवढे दोन शब्द उच्चारून अडकलो. कारण आमच्या वेळी काय झालं होतं ते मला स्वच्छ आठवलं.

आमची वेळ म्हणजे १९७३ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. माझी बेलबॉटम सदाशिव पेठेतले रस्ते नगरपालिकेपेक्षा बरे झाडत असे. कल्ले जबड्यापर्यंत उतरले होते आणि केसांनी दोन्ही कान गडप केले होते. 'हरे राम हरे कृष्ण' दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. हिप्पींच्या नादी लागलेल्या बहिणीला परत आणण्यासाठी देव आनंदनं त्यात जिवाचं रान केलं, आणि आमच्या पिढीनं त्यातून बोध घेतला तो हिप्पींच्या कपड्यांचा! गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर खरे हिप्पी येऊन राहिले होते. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गोवा पाहिला नव्हता. पण हणजूणची थेट शाखा आपल्या वाड्यात उघडली आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

"कान दाखव," अण्णा रोज सकाळी म्हणत. जणू कान नसतील तर रेशनकार्डावरून नाव कमी करायचं होतं.

त्याच सुमारास सिंगापूरच्या सरकारनं कचेऱ्यांतून फलक लावले होते, की लांब केसवाल्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल. लांब केस म्हणजे काय, याची व्याख्याही होती: पुढून भुवयांना टेकलेले, बाजूनं कान झाकणारे, मागून कॉलरच्या खाली गेलेले. आमच्या घरी हा कायदा सिंगापूरची वाट न पाहता लागू झाला होता. चहा मला शेवटी मिळे आणि तोही गार.

या खटल्याला एक प्रेक्षक होता. माई आत्या. अण्णांची आत्या, म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. १९०८ साली, बाराव्या वर्षी, नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. डोक्यावरून आलवणाचा पदर घेऊन ती माजघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसलेली असे. घरात तिला मत विचारण्याची पद्धत नव्हती. पण घरातल्या तीन पिढ्यांचा इतिहास तिच्याकडे होता, आणि तोही बखरकारांसारखा खुलवलेला नाही, डोळ्यांनी पाहिलेला.

एके दिवशी अण्णांचं भाषण फार रंगलं. "आम्ही कधी वडिलांसमोर असं थेर केलं नाही," या वाक्याला ते पोचले, तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला.

"मिशी काढून आला होतास ना रे?"

अण्णा एकदम थांबले.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मिशी साफ काढायची ती वडील गेले म्हणजे, असा रिवाज होता. त्याचप्रमाणे घराबाहेर बोडक्यानं जायचं ते घरात कुणी दगावलं तरच. एरवी डोक्यावर पगडी, पागोटं, निदान टोपी तरी हवीच. १९४१ साली अण्णा कॉलेजातून आले ते सफाचट मिशी आणि उघडं डोकं घेऊन, म्हणजे रिवाजाच्या हिशेबानं वडिलांच्या नावानं दोनदा आंघोळ करून. आजोबा आरामखुर्चीत बसलेले. "मी अजून आहे हो!" एवढंच ते म्हणाले आणि महिनाभर मुलाशी बोलले नाहीत.

"आणि त्याचे वडील तरी कुठले," माई आत्या मेथीची जुडी सोडत म्हणाली. "दादानं घेरा मोडून डोईभर केस राखले होते, बाराव्या सालात. साहेबासारखे. बाबा तीन दिवस जेवले नाहीत."

आमच्या पणजोबांच्या पिढीत डोकं चकोट करून मधोमध घेरा आणि शेंडी ठेवणं हीच सभ्य माणसाची खूण. डोईभर केस ही साहेबाची नक्कल. म्हणजे माझ्या मानेवर रुळणाऱ्या केसांवर ज्या परंपरेच्या नावानं वस्तरा चालायचा होता, ती मुळात घरात आली तीच मुळी एका उपासातून.

पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळलं की हा काही सदाशिव पेठेचा खास गुण नव्हे. १६४४ साली मांचूंनी पेकिंग घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी हुकूम काढला, की प्रत्येक चिनी पुरुषानं डोक्याचा पुढचा भाग भादरायचा आणि मागे वेणी ठेवायची. नकार देणाऱ्याला देहांत शासन. शेंडी तुटो की पारंबी तुटो, अशा ईर्ष्येनं माणसं लढली आणि नुसत्या केसांपायी हजारोंनी मेली. पुढे अडीचशेहून अधिक वर्षं गेली. १९११ ची क्रांती झाली, मांचू गेले आणि नव्या राजवटीनं वेण्या कापायला घेतल्या. तेव्हा कित्येक चिनी माणसं ढसढसा रडली. आमची परंपरा बुडाली म्हणून! खापरपणजोबांनी जिच्यापायी मान दिली, तिच्यासाठी खापरपणतू गळा काढत होता.

रशियात उलटी तऱ्हा. झार पहिला पीटर १६९८ साली युरोपचा दौरा करून परतला आणि भेटायला आलेल्या सरदारांच्या दाढ्या त्यानं स्वतःच्या हातानं कातरल्या. युरोपात कुणी अशी जंगलं बाळगत नाही, हे त्याचं कारण. नंतर त्यानं दाढीवर कर बसवला. मोठ्या व्यापाऱ्याला वर्षाला शंभर रूबल. खेडुतानं गावात दाढी वाढवावी, पण शहराच्या वेशीतून आत-बाहेर करताना कोपेक मोजावा. कर भरला की तांब्याचा बिल्ला मिळे आणि त्यावर नाक, मिशी आणि दाढी कोरलेली असे. आमच्या अण्णांना ही कल्पना वेळेवर कळली नाही, हे माझं नशीब.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पुरुषांच्या केसांची केस फार तर तहकूब होते आणि तीस वर्षांत आरोपी स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो. बाईचं तसं नव्हतं.

आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली, त्याआधी १८८३ च्या फेब्रुवारीत तिनं बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. मुंबईत शाळेला जाताना काय सोसावं लागलं, ते तिनं त्यात सांगितलं आहे. जाणारे-येणारे भोवती जमून खिदळत. दुकानदार तिला बघून थुंकत. आणि आपापल्या व्हरांड्यात प्रतिष्ठितपणे बसलेले गृहस्थ तिला खडे मारत. हे शेवटचं वाचून मी फार वेळ थांबलो होतो. मवाल्यानं दगड मारला तर समजू शकतं. पण घरच्या व्हरांड्यात बसून, बहुधा पान खाता खाता, सुपारीएवढा खडा शोधून तो शाळकरी मुलीला नेमका मारायचा, याला संस्कार लागतात! आणि ज्या मुलीनं धर्म बुडवला म्हणून हे खडे, ती अमेरिकेत जाऊनही लुगडंच नेसत राहिली.

आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. बायकांनी जाकीट घालावं इथपासून विधवांचं केशवपन बंद करावं इथपर्यंत ते लिहीत गेले. पुण्यानं या लेखनाची पोच म्हणून ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तर मुळालाच हात घातला. १८९० साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही, असं त्या मंडळींनी ठरवलं. शास्त्री-पंडित पोथ्या उघडून वाद घालत राहिले. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनी तो धोकटीत ठेवला.

पण मुंबईचा ठराव आमच्या परसदारापर्यंत पोचला नव्हता. तो पोचला नव्हता, हे मला कळलं त्या एका रविवारी.

अण्णांनी निर्वाणीचा उपाय म्हणून न्हाव्यालाच घरी बोलावलं. कॉलेजची फी त्यांच्या हातात असल्यामुळे माझी बाजू लंगडी होती. परसात विहिरीजवळ पाट मांडला. न्हाव्यानं धोकटी सोडली. मी बसणार, एवढ्यात माई आत्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी परपुरुष परसात असला की ती बाहेर येत नसे. हाच न्हावी दीड-दोन महिन्यांनी मागच्या दारानं येई, तेवढा एक अपवाद. आम्हा मुलांना त्या वेळी पुढच्या अंगणात खेळायला पाठवत.

"त्या पाटावर नको त्याला बसवू," ती म्हणाली.

"का?" अण्णा.

"तो माझा पाट आहे."

कुणीच काही बोललं नाही. रहाटावर बसलेला कावळादेखील उडून गेला. मग ती अण्णांना म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, दुधाचा हिशेब सांगावा तशी: "दादानं केस राखले, तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नाहीत. माझे काढले, त्या दिवशी सगळे जेवले."

न्हाव्यानं खाली मान घालून धोकटी बांधली. अण्णा त्याला पैसे द्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आयता सुटलो होतो, पण आनंद काही होईना. माई आत्यानं मला जवळ बोलावलं. मानेवरचे केस दोन बोटांत धरून पाहिले, कापडाचं पोत बघावं तसे.

"दाट आहेत," ती म्हणाली. "तेल लावत जा."

त्या दिवसापासून अण्णांनी माझ्या कानांची चौकशी केली नाही. चहा मात्र पुढेही गारच मिळत राहिला. तत्त्व म्हणून.

हे सगळं मी नातीला सांगितलं. "आमच्या वेळी..." पुढे काहीतरी हवंच होतं. ती निळं डोकं गुडघ्यांवर टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यांचा फोटो आहे?"

फोटो नाही. घरात आजोबांचा पगडीतला आहे, अण्णांचा बिनमिशीचा आहे, माझा कल्ल्यांसकटचा आहे. सोवळ्या बाईला फोटोसाठी कोण बसवणार? फार तर पाटावर बसवणार.

रात्री जेवताना चिरंजीवांनी मला डोळ्यांनीच विचारलं, "बोललात?" मी मान हलवली. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "तेल लावायला सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी खाली जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी सहज विचारलं, "आणि उद्या तुझी मुलगी मोठी होऊन हौस म्हणून सगळं डोकंच भादरून आली तर?"

तिनं थोडा विचार केला. "येऊ दे. डोकं तिचं आहे."

मला बरं वाटलं. तेवढ्यात लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. साहेब आत आले आणि रिवाजाप्रमाणे माझ्याकडे बघू लागले. तळमजला येईपर्यंत नात गप्प होती. मग बाहेर पडता पडता माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "पण आजोबा, मुलीला चांगलं दिसेल का हो ते?"