पेशवा : पुढे चालणारा

शब्दांनाही दैव असते. ‘पेशवा’ हा शब्दच घ्या ना! मूळ फारसी, ‘पेश’ म्हणजे पुढे. आगाऊ रकमेला आपण ‘पेशगी’ म्हणतो, त्यातला ‘पेश’ तोच. तेव्हा पेशवा म्हणजे पुढे चालणारा, अग्रणी. बहामनी राज्यात आणि नंतर निजामशाहीत हे मोठ्या कारभाऱ्याच्या पदाचे नाव होते.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजीमहाराजांनी अष्टप्रधानांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, आणि पेशवे मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान झाले. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही महाराजांनी करवून घेतला.

पण गंमत पाहा! दरबारी शब्द बदलला, लोकांच्या जिभेवरचा मात्र हलला नाही. १७१३ साली शाहूमहाराजांनी बाळाजी विश्वनाथांना हे पद दिले. त्यांचे पुत्र बाजीराव शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’. मुलखाच्या तोंडी मात्र पेशवेच! १७४९ साली शाहूमहाराज वारले आणि धन्यापुढे चालणारा सेवक इतका पुढे निघून गेला, की साताऱ्याची गादी मागे नावापुरती उरली. १८१८ साली पेशवाईही बुडाली.

वर्गात मुले विचारतात, “गुरुजी, मग टिकला कोणता शब्द?” मी म्हणतो, “बाळांनो, हिंदीत ‘प्रधानमंत्री’ म्हणतात, आपण मराठीत ‘पंतप्रधान’ म्हणतो. हेही पेशव्यांचेच बिरुद. महाराजांचा ‘प्रधान’ आपल्या बोलण्यात अजून नांदतो आहे. पेशवा इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसला.”

वाचकहो, पुढे चालणाऱ्याने अधूनमधून मागे वळून पाहावे, एवढेच त्या जुन्या शब्दाचे मागणे आहे.