सांगड

आज आपण विचार-आचाराची सांगड घालतो, जुन्या-नव्याची सांगड घालतो. परंतु ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार रूढ झाला, ती दृष्टीआड होऊन इतका काळ लोटला आहे की, सांगड ही एके काळी हातांनी बांधली जात असे आणि तिच्या आधाराने माणसे भरल्या नद्या पार करीत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मोल्सवर्थने १८५७ च्या कोशात या शब्दाचे मूळ ‘संघट्ट’ असे देऊन, एकत्र जखडलेल्या दोन होड्या किंवा पोहण्यासाठी जोडलेले दोन भोपळे, असा अर्थ नोंदविला आहे.

भीमा-कृष्णेसारख्या आमच्या देशावरच्या नद्या उन्हाळ्यात घोट्याएवढ्या, तर आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहणाऱ्या. उतार बंद झाले म्हणजे फौजा छावणीस राहत आणि मुलूखगिरीची भाषा दसऱ्यानंतरच निघे. पण निरोप घेऊन निघालेला जासूद, अडलेल्या बाळंतिणीकडे जाणारी सुईण, यांना दसऱ्याची वाट पाहून कसे चालावे? जिथे नाव नव्हती, तिथे अशांच्या उपयोगी पडे ती सांगड किंवा तिच्याच जातीचा ओंडक्यांचा तराफा.

तराफ्याला कठीण लाकूड निरुपयोगी. सागवानाची प्रतिष्ठा घरात. पाण्यावर मान पांगाऱ्याचा आणि काटेसावरीचा, कारण ही लाकडे वाळली म्हणजे विलक्षण हलकी होतात. ओला ओंडका पाण्यात खोल बसतो, म्हणून झाड आधी तोडून वाळवावे लागते. मग बुंधा एकाचा तर शेंडा दुसऱ्याचा, अशा क्रमाने ओंडके शेजारी मांडून, वर आडवे बांबू टाकून, अंबाडीच्या किंवा वाखाच्या दोराने ते आवळायचे. आणि दोर सरकू नये, खडकावर घासून तुटू नये, म्हणून प्रत्येक ओंडक्याला दोराच्या जाडीची खाच घ्यायची. खिळा मारावा तर पांगाऱ्याच्या मऊ लाकडात तो धरत नाही. उलट दोर भिजून फुगतो, गाठ अधिकच घट्ट बसते, आणि तरीही धक्का बसला असता बांधणी किंचित लवते, पण मोडत नाही. १९४७ साली बाल्साच्या ओंडक्यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा सहा जणांना घेऊन १०१ दिवस पॅसिफिक महासागरावर तरला, तोही दोरांच्याच बळावर.

भोपळ्यांची सांगड त्याहून सोपी. पाठीला बांधलेल्या ज्या सुक्या भोपळ्याच्या भरवशावर मी लहानपणी नदीत पहिला हात मारला, त्याचा बोटांखालचा खडबडीत, उन्हाने तापलेला स्पर्श मला अजून आठवतो. पंढरपूरकडचे असेच भोपळे मिरजेस जाऊन तंबोरे होतात. एकच फळ, कुणाला स्वर देते, कुणाला तीर.

पुढे इंग्रजी अमलात १८६८ च्या कायद्याने तरींचा बंदोबस्त झाला, मक्ते दिले जाऊ लागले. आणि १९२९ मध्ये सांगलीस कृष्णेवर आयर्विन पूल उभा राहिला, तेव्हा तिथला पैलतीर पावलांच्या टप्प्यात आला. पुलावरून जाणाऱ्यास प्रवाहाचा जोर कळत नाही. सांगडवाल्याला तो हिशेबात धरावा लागे: समोरच्या घाटावर लागायचे, तर बरेच वरच्या अंगाने पाण्यात शिरायचे, तिरकस वाहत पलीकडे टेकायचे, आणि परतीच्या खेपेसाठी दोर सोडून, भिजून जड झालेले ओंडके खांद्यावर घेऊन, चिखलातून पुन्हा काठाकाठाने वर चालत जायचे.